असं तर सगळेच लिहितात

संपादकांनी कथा परत पाठवली तेव्हा सोबत कारण लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी फोन केला. संभाजीनगरहून निघणारा त्यांचा दिवाळी अंक आमच्याकडे वाचला जातो. त्यात छापून आलं की माणसाला लोक लेखक म्हणायला लागतात. ते घाईत होते.

"ताई, कथा वाईट नाही. पण मी ती आधीच वाचलीय."

"कुठं? मी दुसरीकडे दिलेली नाही."

"तुमची नाही हो, इतरांची. माझ्या टेबलावर ढीग पडलाय. सगळ्यांत भेगाळलेली जमीन, सगळ्यांत शहरातून परत आलेला मुलगा. वरचं नाव झाकलं तर कुठली कुणाची ते मला सांगता येणार नाही."

मला राग आला नाही, कारण ते खरं होतं. भोकरदनला आम्ही लिहिणारे अधूनमधून जमतो. बहुतेक शिक्षक आहेत. एक जण वाचतो, बाकीचे वाहवा करतात, कारण पुढची पाळी आपली असते हे प्रत्येकाला माहीत असतं. एकाच्या कथेचा शेवट दुसऱ्याच्या कथेला जोडला तरी कुणाला कळणार नाही. माझ्या कथाही त्याच वाणाच्या होत्या.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते. तुम्ही काम काय करता?"

मी एका बियाणे कंपनीसाठी शेडनेटची पाहणी करते. शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीची मोठी, बंद झोपडी. आत कंपनीसाठी मिरचीचं बी तयार होतं. गावोगाव अशा शेड आहेत. स्कूटीवरून पिंपळगाव रेणुकाईकडे, कधी त्याच्या पलीकडे जायचं, आत शिरायचं, ओळीओळीनं झाडं बघत फिरायचं आणि जे झाड बाकीच्यांसारखं दिसत नाही ते मुळासकट उपटून बाहेर टाकायचं. पान जरा रुंद असेल, फुलाचा रंग जरा वेगळा असेल, तरी उपटायचं. का वेगळं आहे ते विचारत बसायचं नाही. वर्षानुवर्षं हेच काम मी केलंय, आणि संपादक मला सांगत होते की वेगळ्या दिसा.

तरी त्यांचं ऐकलं. शेडमधलं लिहायचं ठरवलं.

शेडमधलं मुख्य काम बाया करतात. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडायची, आतले परागाचे तंतू काढून टाकायचे, मग नर झाडाचा पराग तिला लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा असलेली मिरची पिकली की तिचं बी कंपनी घेते. तंतू काढले नाहीत तर कळी स्वतःच्याच परागानं फळते. तिलाही मिरची लागते, दोराही दिसतो, बीही तसंच दिसतं. पण ते संकरित नसतं. ते कळायला पुढं बरेच महिने लागतात. कंपनी लॉटमधलं, म्हणजे एका शेडच्या हंगामभराच्या बियातलं, थोडं बी पेरून बघते, झाडं वाढू देते, आणि त्यात भेसळ जास्त निघाली तर शेडच्या मालकाचा सगळा लॉट नापास होतो. म्हणजे हे काम सगळं विश्वासावर चालतं. बाईच्या बोटांमागं कुणी उभं राहू शकत नाही.

एका शेडवर जी टोळी होती तिची मुख्य बाई, तिला सगळे आक्का म्हणायचे. वय माझ्याएवढं, विहाराच्या मागच्या गल्लीत घर. गल्लीतल्या सगळ्या कामाच्या बाया तिच्याच शब्दावर शेडला यायच्या. हात इतका साफ की तिच्या ओळी मी तपासायचं सोडून दिलं होतं. तिची एक सवय होती. दोऱ्याची गाठ मारली की ती त्या कळीला हळूच म्हणायची, "नांद, बाई." लेकीला सासरी पाठवताना म्हणावं तसं. प्रत्येक कळीला म्हणायची. आसपासच्या गावांत कुणालाही विचारलं असतं की फुलांशी बोलणारी बाई कोण, तर त्यांनी आक्काच्या दाराशी आणून सोडलं असतं.

इथं एक सांगून ठेवते. तिचा खरा शब्द हा नाही. खरा याहून चांगला होता. तो मी देणार नाही. इतर खुणाही शक्य तेवढ्या बदलल्या आहेत. असं का केलं ते पुढं कळेल.

मी कथा लिहिली. कळ्यांशी बोलणारी एक बाई घेतली. नुसत्या बोलण्यावर कथा उभी राहीना, म्हणून पुढचं रचलं. मालक तिच्या लेकीला दुपारच्या उन्हात शेडच्या बाहेर बसवतो. बाई काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी एका आख्ख्या ओळीतल्या कळ्या ती न उघडता तशाच ठेवते, दोरे मात्र बांधत जाते, आणि त्या ओळीत एकाही कळीशी बोलत नाही. एवढंच. बी पुढं काय करणार ते वाचणाऱ्याला कळतं, मालकाला कळत नाही. हा सूड पूर्णपणे माझ्या डोक्यातला होता.

माझी एक रीत आहे. लिहिलेलं आधी बायांना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवते. त्या तोंडावर वाईट म्हणत नाहीत. पण ज्या ठिकाणी एखादी दुसरीला "गॅस आला का गं?" विचारते, ते पान मी घरी जाऊन फाडते. लेखनाची एवढी एकच परीक्षा मी मानते. या वेळी मात्र अंकाची मुदत संपत आली होती, म्हणून कथा आधी पाठवली. संपादकांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. आवाज बदललेला होता.

"ताई, हे कुणाकडेच नाही. अंकाची सुरुवात तुमच्या कथेनं करतो. आणि तिचं ते कळ्यांशी बोलणं, त्याला अजिबात हात लावू नका."

मी खुशीतच शेडवर गेले. पावसाळ्याचे दिवस होते, नव्या रोपांची लावणी चालू होती. मागच्या हंगामाचा लॉट कंपनीकडे गेलेला होता आणि त्याचा निकाल यायचा होता. बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या. वरून जाळीचा हिरवा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडलेला. मी वाचायला लागले.

कळीशी बोलण्याचं आलं तेव्हा त्या हसल्या. एक म्हणाली, "आक्के, तू तर पुस्तकात गेली गं! आता आमाला वळख देशील का?"

आक्का म्हणाली, "तुमाला आधी तरी कुठं देत व्हते?"

मग कळ्या न उघडलेली ती ओळ आली, आणि हसणं थांबलं. मी मान वर केली नाही, वाटलं कथा चांगली चाललीय. शेवटपर्यंत वाचलं. कुणी गॅसचं विचारलं नाही. बाया आपापल्या भाकरीकडे बघत बसल्या होत्या. आक्का उठली, हात धुतले आणि म्हणाली, "बाई, जरा इकडं या."

शेडच्या टोकाला फवारणीचं पिंप असतं, तिथं आम्ही उभ्या राहिलो.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"काय?"

"बाई, माझ्याशी असं करू नका. कुणी सांगितलं?"

"आक्का, ही गोष्ट आहे. मी मनानं रचली."

ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली असावीत, कारण मी खोटं बोलत नाही हे तिला कळलं. मग तिचा चेहरा उतरला. कुणी चुगली केली असती तर एकच तोंड बंद करायचं होतं, गोष्ट मात्र छापून गावोगाव जाणार होती.

"कारण चुकलं तुमचं," ती म्हणाली. "बाकी बराबर हाय."

मग तिनं कारण सांगितलं. तिची लेक सासर सोडून परत आली होती. नवरा मारायचा. गल्लीला माहीत होतं, त्यापलीकडे बातमी गेली नाही असं तिला वाटत होतं. मागच्या हंगामात एक दिवस मालक शेडमध्ये आला आणि सगळ्या बायांसमोर म्हणाला, "आक्का, तुझी सोताची नांदंना, अन् फुलायला नांद म्हनून राह्यली? तुझ्या तोंडच्या शब्दानं माझा लॉट बी घरी परत यायचा एखांद्या दिवशी!" आणि हसला. दोघी-तिघी बायाही हसल्या, मालक हसतो म्हणून.

"मी काईच बोलले न्हाई. दुसऱ्या दिशी ओळ धरली. हात चालंना. मंग नुस्ते दोरे बांधत गेले. एकच ओळ, बाई. शेवटाला गेल्यावर मलाच भ्या वाटलं, पन मागं फिरता येत न्हवतं, कळ्या उमलून गेल्त्या."

"या बायांना माहीत आहे?"

"शेजारच्या ओळीत त्याच व्हत्या ना."

लेखक म्हणून सांगते, माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार असा आला की हिचं कारण माझ्या कारणापेक्षा कितीतरी चांगलं आहे. लेकीला उन्हात बसवणारा मालक कुणीही रचेल. हे कुणाला सुचलं नसतं. एवढी एक गोष्ट बदलली की कथा कुणाच्या ढिगात मावली नसती.

दुसरा विचार आला तो निकालाचा. एका ओळीनं सहसा लॉट जात नाही, थोडी भेसळ कंपनी चालवून घेते. पण त्या शेडच्या दाराची जाळी हंगामभर फाटलेली होती, मी मालकाला दोनदा बोलले होते, आत मधमाशा फिरत होत्या. लॉट कशानंही जाऊ शकत होता. आणि गेला, तर मालक मधमाशी शोधणार नव्हता. त्याला माणूस लागणार होता. तेव्हाच माझी कथा अंकाच्या पहिल्या पानावर आली असती, आणि तिच्यात तो माणूस सापडला असता, बोलण्याच्या सवयीसकट. त्यानंतर आक्काला या भागात कुणी शेडच्या दारात उभं केलं नसतं. तिलाच काय, त्या गल्लीतल्या कुठल्याच बाईला नाही. आणि मालकाचे भाऊ-पुतणे गल्लीत काय करून आले असते ते मी लिहीत नाही. आमच्या भागातल्यांना सांगावं लागत नाही.

"तेवढं माझं बोलनं काढा," आक्का म्हणाली. "बाकी ठिवा वाटलं तर."

"बाकी ठेवून चालणार नाही."

"मंग तुमचं काय ऱ्हाईल त्याच्यात?"

जाळीच्या बाहेरून कुणी तरी चालत गेलं. जाळीतून माणूस कळत नाही, नुसती सावली दिसते. सावली थोडी थांबली आणि पुढं गेली.

घरी येऊन मी संपादकांना फोन केला, कथा बदलायची आहे म्हणाले. त्यांना वाटलं एखादा शब्द. मी बोलणं काढलं, ओळ काढली, मालक काढला. राहिलेल्या जागेत काय घालायचं हा प्रश्न होता. भेगाळलेली जमीन घातली. शहरातून परत आलेला मुलगा घातला. लिहायला फार वेळ लागला नाही, ते सगळं हातात बसलेलंच असतं.

"ताई, तुम्हाला काय झालंय?" संपादक म्हणाले. "तुम्ही जीवच काढून घेतलात तिचा. आधीची का नको, ते तरी सांगा."

"घरगुती अडचण आहे."

"घरच्यांचा विरोध आहे का लिहिण्याला?"

"तसंच समजा."

पानं राखून ठेवलेली होती म्हणून त्यांनी छापली. मागच्या बाजूला कुठं तरी.

निकाल दिवाळीच्या थोडा आधी आला. लॉट नापास झाला. कागद मीच शेडवर नेऊन दिला, माझं कामच ते. मालकानं तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "चहा घेता का?" मला शिव्यांची अपेक्षा होती. हे चहाचं विचारणं मला बरं वाटलं नाही.

दिवाळी झाल्यावर तो भोकरदनला माझ्या घरी आला. सोबत कुणी नव्हतं. खुर्चीवर बसला, पाणी दिलं ते तसंच ठेवलं.

"मॅडम, कोन असंल?"

"एका माणसाचं काम नसतं ते. दाराची जाळी फाटली होती, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"जाळी शिवली मी. माणूस फाटला तर कुठून शिवावा?" मग म्हणाला, "तुमी बायांना गोष्ट वाचून दाखवली, त्या दिशी मी बाहेरून जाऊन राह्यल्तो. आत बाया अशा गप, जसं कोनी मेलं. काय व्हतं त्या गोष्टीत?"

"छापून आलीय," मी म्हणाले. "वाचा ना."

अंक कपाटावर होता. पान काढून दिलं. त्यानं चष्मा लावला. तो सावकाश वाचतो, बोट ओळीखाली फिरवत. मी समोर बसून त्या बोटाकडे बघत होते. स्वतःचं लेखन कुणी इतकं लक्ष देऊन वाचताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एका जागी बोट थांबलं, पण तिथं भेगाळलेली जमीन होती. पान उलटलं. मुलगा शहरातून परत आला. त्याची आई दारात उभी राहिली. बोट पुढं जात राहिलं.

वाचून झाल्यावर त्यानं अंक मिटला.

"हेच वाचलं का त्यायला?"

"हेच."

"अन् ह्याच्यावर बाया गप झाल्या?"

"बायांना असलं आवडतं."

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "असं तर सगळेच लिहितात."

"हो," मी म्हणाले. माझ्या लेखनाबद्दलचं कुठलंही मत ऐकून मला इतकं हायसं वाटलेलं नाही.

जाताना दारात चपला घालत तो म्हणाला, "टोळी बदलत न्हाई मी. हीच ठिवतो. कॅमेरे बसवले शेडमधी, आवाज बी येतो त्याच्यात. माणूस कामात असला की कायतरी बोलतोच. आज न्हाई तर उद्या." हे त्यानं मला का सांगितलं ते कळलं नाही. मी ते आक्काला सांगावं म्हणून असेल, किंवा सांगते का ते बघावं म्हणून.

मी सांगितलं. संध्याकाळी गल्लीत गेले. ती चुलीपुढं बसली होती, लेक भाकरी थापत होती.

"आवाज येतो म्हंता?"

"येतो."

"मंग मी न्हाई जात. आवाज दाबून हात चालत न्हाई माझा. तुमालाच माहीत हाय, मागं एकदा दाबून पाह्यला."

लेक म्हणाली, "आये, आपण न्हाई गेलो तर त्याला वाटंल आपणच केलं."

"गेलो तरी वाटूनच राह्यलं त्याला."

तव्यावरची भाकरी करपली तेवढी लेकीनं काढून टाकली.

क्रॉसिंगचा, म्हणजे कळ्यांना पराग लावायचा, हंगाम सुरू व्हायच्या आत आक्का लेकीला घेऊन दुसऱ्या शहरात गेली, कुठल्या ते लिहीत नाही. लेकीला तिथं काम मिळालं होतं. टोळीतल्या बाया दुसऱ्या गावच्या शेडवर लागल्या. मालकाला त्या गल्लीतून एकही बाई मिळाली नाही. तो दारोदार गेला होता, असं ऐकलं. दारं उघडली, पाणी दिलं, पण कुणी हो म्हटलं नाही.

निघायच्या आधी आक्का माझ्याकडे आली होती. म्हणाली, "आता लिवा. पन माझा शब्द टाकू नका. तेवढा मला लागंल."

मी म्हणाले, "शब्द काढला तर ती गोष्ट इतरांसारखीच होईल, आक्का."

"मंग तुमी वेगळा हुडका. तुमचं तर तेच काम हाय."

एक बरा शब्द मी शोधला, तो वर दिलाय. वेगळं लिहिणं म्हणजे काय, असं आमच्या मंडळातले नवे लोक अजून विचारतात. मी म्हणते, विषय नवा शोधत बसू नका, विषय सगळ्यांचे तेच असतात. एखाद्या माणसाचं असं काही लिहा जे दुसऱ्या कुणाचंही असू शकत नाही. ते मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात. ते लिहिलं की तो माणूस उघड्यावर येतो, हे मी सांगत नाही. ज्याचं तसं लिहून होईल त्याला ते कळेलच.

परवा पाहणीला गेले तेव्हा मालक शेडच्या दारात उभा होता. आत नवी टोळी होती, लांबच्या गावची, एकमेकींशीसुद्धा न बोलणारी. वरती कोपऱ्यात कॅमेरे. मी ओळींमधून फिरले, दोनचार झाडं उपटली. तो माझ्या मागं मागं फिरत होता. पूर्वी कधी फिरायचा नाही.

"मॅडम, नवीन कायतरी लिहून राह्यल्या म्हने. आपल्याच भागातलं."

"कोण म्हणालं?"

"कुनी न्हाई. लिहिनारं माणूस गप बसत असतं का? आक्का कुठं गेली मंग?"

"मला काय माहीत."

"तुमाला समदं माहीत असतं." उपटलेलं झाड त्यानं माझ्या हातातून घेतलं, मुळं झटकली, पान बोटांत धरून बघितलं. "हे वेगळं व्हतं का? मला तर सारखंच दिसून राह्यलं."

"तुम्हाला दिसणार नाही. माझं काम आहे ते."

"हां," तो म्हणाला, आणि झाड जाळीबाहेर फेकलं. "ह्या बारीला छापून आलं की माझ्यासाठी एक अंक ठिवा. पैसे देईन. जल्दी ठिवा म्हंजे झालं."

मी पाठवते म्हणाले. हे छापून आलं की पहिला अंक त्यालाच पाठवणार आहे; आक्का आता त्याच्या हाताबाहेर आहे, आणि त्याला हे दुसऱ्या कुणाच्या हातून कळण्यापेक्षा माझ्याच हातून कळलेलं बरं.